ऋतुपालटाची घरकामे (नाशिक)

ऋतुपालटाची घरकामे : एक ऋतू सरून दुसरा लागायच्या सुमारास घर, साठवण, पिण्याचे पाणी, अंथरूण-पांघरूण आणि खाणेपिणे यांत केले जाणारे नेमाचे फेरफार. ही कामे महाराष्ट्रभर होतात, पण नाशिकमध्ये इथल्या हवेने त्यांना वेगळे वळण दिले आहे. सगळ्यांना मिळून एक नाव नाही. पापड-कुरडया म्हणजे ‘उन्हाळी कामं’, धान्य-मसाला म्हणजे ‘वर्षाचं भरणं’, आणि नवरात्राआधीची धुणी-पुसणी म्हणजे नुसते ‘घट बसायच्या आधीचं’. खूण एकच : काम ऋतू लागण्याआधी उरकलेले असावे. मृग लागल्यावर गोधड्या धुवायला काढणाऱ्या घराबद्दल गल्लीत दोन शब्द बोलले जातातच.

आयुर्वेदाने वर्षाचे सहा ऋतू मानले आणि प्रत्येकाची वेगळी ऋतुचर्या सांगितली. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी. त्यात जुनी सवय थोडी थोडी सोडायची, नवी थोडी थोडी धरायची. नाशिकच्या घराला सहा ऋतू मोजायला सवड नसते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि अधेमधे ऑक्टोबर हीट, एवढ्यावर भागते. संधीच्या पंधरवड्याचे महत्त्व मात्र कोणी न शिकवता पाळले जाते, कारण सर्दी-ताप नेमका त्याच दिवसांत घरात शिरतो.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शहरात ७०० च्या आसपास, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे त्याहूनही कमी. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. हिवाळ्यात निफाडला तो ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणून एकाच जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या घोटीची बाई छपराची काळजी करत असते तेव्हा येवल्याची बाई हंड्याची. तरी दोघींची निम्मी कामे एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे ओल. कोरड्या महिन्यांत जमेल तेवढे वाळवून ठेवायचे आणि ओल्या महिन्यांत ते जपायचे.

उन्हाळी कामे. गुढीपाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, हिंग यांची गोळी तोंडात पडली की वाळवणाला हात लागतो. (एका दिवसाच्या पाल्याने वर्षभराचे रक्त शुद्ध होते, असे आजी सांगते. ते मानायला काही आधार नाही. पण मुलाने वर्षात एकदा तरी कडू खावे, एवढे त्यातून साधते.) उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, बटाट्याचे वेफर, मुगाच्या वड्या, शेवया असा पसारा गच्चीवर पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात नागली पिकते, त्यामुळे नागलीच्या पापडांना इथे मान आहे. इतरत्र जिला नाचणी म्हणतात, तीच नागली. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट. मात्र तळलेल्या पापडातून ते मिळवण्यापेक्षा भाकरीतून मिळवलेले बरे. पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही सढळ असतात, आणि रक्तदाबाच्या माणसाला ताटातला दुसरा पापड नको.

या सगळ्यांत खरी कसोटी कुरडयांची. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे; एक दिवस विसरले तर आंबूस वास घरभर फिरतो. चौथ्या दिवशी वाटून, पाण्यात कालवून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचे पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून टाकले की तळाशी पांढराशुभ्र, घट्ट चीक उरतो. जितका चीक तितके पाणी उकळायचे, त्यात मीठ-हिंग घालून चीक ओतायचा आणि एकीने ओतताना दुसरीने घोटायचा, कारण एकटीला गुठळी आवरत नाही. गरम असतानाच सोऱ्यातून धुतलेल्या धोतरावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर पाडायचा. हे सगळे ऊन चढायच्या आत. मुलांना पातेल्यातला गरम चीक दूध-साखर घालून मिळतो आणि त्या बदल्यात दुपारभर कावळे हाकायची कामगिरी. उरलेल्या चोथ्याच्याही वड्या घालतात.

शेजारणी आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा सावडीने जमत. त्या सावडीला गोड रंग देताना एक गोष्ट विसरली जाते : घरादाराच्या आरोग्याचे हे सगळे काम बायकांनी, तेही एप्रिलच्या उन्हात, बिनपगारी केले. आता फ्लॅटला स्वतःची गच्ची नसते, दोघेही नोकरीला जातात, आणि बचत गटाच्या पापड-कुरडया पाकिटात मिळतात. त्यात हळहळण्यासारखे फार नाही. त्याच कामाचे आता कोणाला तरी पैसे मिळतात.

धान्य भरणे. वर्षाचा गहू, तांदूळ, तूरडाळ याच दिवसांत येते. घोटी-इगतपुरीकडचा तांदूळ ओळखीच्या गिरणीतून आणायची रीत अजून टिकून आहे. धान्याला कडक ऊन द्यायचे, पण उन्हातून काढून थेट कोठीत ओतायचे नाही. सावलीत पूर्ण निवू द्यायचे. गरम धान्य बंद डब्यात गेले की झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशीला तेवढे पुरते. गव्हाला, डाळीला एरंडेलाचा हात फिरवणे आणि थरांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे या दोन्ही जुन्या युक्त्या कामाच्या आहेत. बोरिक पावडर लावलेला तांदूळ चांगला चोळून, तीनचार पाण्यांनी धुतल्याशिवाय शिजवू नये. मुळात ती न लावलेलीच बरी. गोदामात वापरतात त्या किडीच्या विषारी गोळ्या, ज्यांना लोक सरसकट ‘सल्फास’ म्हणतात, घरात कधीच आणू नयेत. हवेतल्या दमटपणानेच त्यांच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात. शेंगदाण्याला हिरवट-काळी बुरशी आली तर दाणे भाजून ‘वाचवू’ नयेत. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने ते पुरते जात नाही.

कांद्याचे शास्त्र नाशिककराला सांगावे लागत नाही. लाल कांदा टिकत नाही, मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून गोणी घ्यायची ती त्याची. तो गोणीत मुरवत न ठेवता हवेशीर कोपऱ्यात पसरायचा आणि आठवड्याने एकदा चाळायचा. एक नासका शेजारच्या चारांना घेऊन जातो.

उन्हाच्या त्रासावर कैरीचे पन्हे, ताक, धण्या-जिऱ्याचे पाणी हे उपाय पाणी आणि मीठ दोन्ही भरून काढतात, म्हणून उपयोगी. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरायचा. खिशातला कांदा ऊन शोषून घेतो हा समज मात्र खिशातच ठेवावा. अंग तापलेले, माणूस बरळतो आहे, अशी स्थिती आली तर ओल्या कपड्याने आणि पंख्याने अंग गार करत दवाखाना गाठावा. उष्माघाताच्या तापावर तापाची गोळी चालत नाही.

पावसाच्या आधी आणि पावसात. रोहिणी नक्षत्र संपेपर्यंत पन्हाळी साफ, कौलांची फूटतूट बदललेली, गोधड्या धुऊन दोन-तीन कडक उन्हे खाल्लेल्या, इतके झाले पाहिजे. पहिल्या सरींनंतर हरसूल, पेठ, त्र्यंबककडच्या बायका रानभाज्या घेऊन शहरात बसतात : कुरडू, टाकळा, भारंगी, शेवळे, मग जुलैकडे कर्टोली. शेवळ्याने घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यासाठी ते चिंचेसारख्या आंबटाबरोबर भरपूर शिजवतात. ओळख नसलेली रानभाजी विकणारीला रीत विचारल्याशिवाय घेऊ नये. ती सांगतेही मन लावून, मागे गिऱ्हाईक खोळंबले तरी.

पूर किती आला हे नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतो : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्यापर्यंत आले. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत गोदाकाठच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर गाळ हातमोजे आणि बूट घालून काढावा, पायाला जखम असेल तर त्यात उतरूच नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

पूर सगळ्यांच्या दारात येत नाही, गढूळ पाणी मात्र सगळ्यांच्या नळाला येते. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी काचेसारखे दिसते. जंतू मात्र त्यातच राहतात. आधी निवळून गाळावे, मग खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. उकळलेले पाणी बोटे बुडवून काढायचे असेल तर उकळण्याचे श्रम वाया, म्हणून लांब दांड्याचे ओगराळे. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट द्यावे. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात, म्हणून अंदाजपंचे नको.

डेंग्यूचा डास घाणीत वाढतो हा समज अजून पक्का आहे. तो घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. नळ दिवसातून थोडा वेळच येतो म्हणून न्हाणीघरात निळा ड्रम भरून ठेवलेला असतो. त्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काजळाच्या ठिपक्यांसारखी बारीक अंडी चिकटलेली असतात. ती कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. ड्रम नुसता उपडा करून पुन्हा भरला तर ती तिथेच राहतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ : ड्रम रिकामा करायचा, काथ्याने किंवा ब्रशने आतून खरवडून घासायचा, पालथा घालून सुकवायचा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून महिन्यातून एकदा घासून भागत नाही. फ्रिजच्या मागची तबकडी, कुलर, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरचा जुना टायर यांचीही त्याच दिवशी झडती घ्यावी. प्रस्तुत नोंदकाराच्या घरी ड्रम दर रविवारी घासला जाई आणि डास तरीही होते. ते मनीप्लँटच्या बाटलीत सापडले. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटॅमॉल आणि डॉक्टर.

चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करणारी घरे कांदेनवमीला भज्यांचा असा फडशा पाडतात की पुढच्या चार महिन्यांचा हिशेब त्याच दिवशी चुकता व्हावा. पावसात किडलेली वांगी आणि चिखलातल्या पालेभाज्या टाळण्यात तथ्य आहे. कांद्याबाबत ते दाखवणे कठीण. ओल्या कपड्यांच्या कुबट वासावर धूप-ऊद जाळला जातो. घरात दम्याचा माणूस असेल तर धुरापेक्षा दुपारी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

घट ते थंडी. ऑक्टोबरचे ऊन म्हणजे वर्षातली वाळवणाची दुसरी संधी. घट बसायच्या आधी गाद्या-उशा, कपाटे, माळा सगळे बाहेर येते. माळ्यावर चढण्याआधी नाकाला रुमाल बांधावा, कारण पावसाळाभर मुरलेली बुरशी झटकताना थेट छातीत जाते. दिवाळीची साफसफाई म्हणजे याचीच उजळणी.

थंडीत बाजरी, तीळ, गूळ, मेथी-डिंकाचे लाडू आणि भोगीची मिसळीची भाजी हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते असे : निफाडच्या बागेतली शेकोटी उघड्यावर असते, घरातली शेगडी बंद खोलीत. कोळशाच्या निखाऱ्यातून आणि कोंदट न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि डोके जड होते म्हणेपर्यंत माणूस आडवा होतो. शेगडी खोलीत ठेवून झोपू नये. गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावा आणि तावदान उघडे ठेवावे, गार वारा आला तरी.

संक्रांतीला येवल्याचे आकाश तीन दिवस पतंगांनी भरते. नायलॉन मांजा घरात येऊ द्यायचा नाही, एवढे काम आईबापांचे. धुळवडीला इतरत्र रंग खेळतात, नाशिक रंगपंचमीला खेळते. जुन्या शहरातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, त्या दिवशी उघडतात आणि ओले लोक हुडहुडत घरी येतात. सकाळी गारठा, दुपारी चटका, असे ते दिवस. खोकला त्यातच लागतो. स्वेटर त्याआधी ट्रंकेत घालू नये.

त्यानंतरच्या एखाद्या बुधवारी गंगेवरच्या आठवडे बाजारात माठ बघायला जायचे. (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात.) माठावर टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, भद्द वाजला तर कुठेतरी चीर. आतबाहेर लकाकी असलेला घेऊ नये. छिद्रांतून पाणी झिरपून उडून गेले तरच ते गार होते, आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ते जितके गार होते तितके मुंबईच्या दमट हवेत होत नाही. नवा माठ रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, सकाळी मातकट पाणी झाडांना ओतायचे, दुसरे पाणीही ओतायचे. तिसऱ्यात वाळ्याची जुडी सोडायची.