डोक्यावर हात ठेवला की बरं वाटतं

निपाणीच्या विडीकामगार मावशी. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी एमआरआयचा लिफाफा टेबलावर ठेवला. "मणक्यात गॅप हाय म्हणत्यात, मॅडम." आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बेळगाव, चिकोडी, खानापूर, कुठूनही या, मान दुखली की हा गॅप निघतोच. कानडी पेशंट 'कुत्तिगे नोवु', म्हणजे मानदुखी, म्हणत सुरुवात करतात, पण दुसऱ्या वाक्यात गॅपवरच येतात. गंमत म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती झिजली की त्यांच्यातलं अंतर कमी होतं, वाढत नाही. तरी नाव पडलंय गॅप.

मी लिफाफा न उघडता बाजूला सरकवला. मावशींना ते रुचलं नाही. पैसे मोजले होते. पण फिल्म आधी बघितली की डोळा तिथंच अडकतो. मान अजिबात न दुखणाऱ्या 1,211 जणांचे एमआरआय काढून जपानी संशोधकांनी 2015 साली निष्कर्ष छापले, तर 87.6 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या! विशीतली पोरंसुद्धा त्यात होती.

म्हणून आधी प्रश्न. पडलात का? ताप, वजन उतरणं, झोपू न देणारं दुखणं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: "विडीला दोरा बांधताना बोटं चुकतात का? चालताना तोल जातो?" इथं उत्तर 'हो' आलं, तर मानेतून हाताकडे जाणारी एखादी नस नव्हे, खुद्द मज्जारज्जू दबत असल्याची शंका येते. मग मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून बघायचं. अंगठा आपोआप आत झटकला, तर मानेला हात न लावता पेशंटला थेट सर्जनकडे धाडायचं. सलूनमध्ये मान मोडून घेता का, हेही मी विचारतेच. त्या झटक्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित आतून फाटते, आणि हौसेपायी अर्धांगवायू पदरी येतो. मावशी हसल्या. "सलूनात आमी कशाला जातोय!"

दोरा नीट बांधता येत होता. अंगठाही झटकला नाही. मुंग्या मात्र उजव्या अंगठ्यापर्यंत. आणि जाता जाता म्हणाल्या, "रात्री हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. सासू वरडती, डोक्याला हात लावून झोपू नको, अवदसा येतीया."

सासूबाईंना अवदसा दिसली, मला नस दिसली. हात वर गेला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो. पेशंट हे स्वतःच शोधून काढतात आणि सांगायचं विसरतात.

आता हातानं तपासणी. मान सरळ, मग उजवीकडे वळवायला सांगितली आणि कोनमापक लावला. डावीकडे 75 अंश, उजवीकडे जेमतेम 50. साधारण 80 पर्यंत वळायला हवी, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वळण वरच्या दोनच मणक्यांत होतं. मग मान उजवीकडे किंचित मागे झुकवून डोक्यावर हलकेच दाब दिला. ही स्पर्लिंगची चाचणी, 1944 पासूनची. "आलं बघा! आंगठ्यात कळ गेली." लगेच हनुवटी आणि मागचं डोकं धरून मान वर उचलली. "हां, आता सुटली." शेवटी आडवं करून हात बाजूला ताणला, तेव्हा तीच कळ परत उठली.

चारपैकी एकट्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. संशोधक रॉबर्ट वेनर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली या चौघींची एकत्र परीक्षा घेतली: दुखऱ्या बाजूला 60 अंशांहून कमी वळण, दाबल्यावर कळ, उचलल्यावर आराम, हात ताणल्यावर कळ. चारही जुळल्या, तर नस दबली असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या घरात जाते. उलट, हात ताणूनही काहीच झालं नाही, तर नसेचा नाद बहुधा सोडून द्यायचा. मावशींच्या चारही जुळल्या. कोपराच्या खोबणीत, दंडाच्या स्नायूच्या टोकावर हातोडी मारली, तर डावा हात उडाला, उजवा जेमतेम हलला.

मग लिफाफा उघडला. तीन ठिकाणी चकत्या फुगलेल्या. अंगठ्याकडे जाणारी नस त्यातल्या एकाच जागेतून निघते, पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून. तिथलाच फुगवटा उजवीकडे होता.

"आणि बाकीचे दोन गॅप?"

"ते कुणाला त्रास देत नाहीत, राहू देत."

अशी नस बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते. पण मांडीवर सूप घेऊन तास न् तास मान खाली घालून बसणं सुरू राहिलं, तर माझ्या व्यायामाला काय किंमत? त्या कशा बसतात, ते मला बघायचं होतं. "सोमवारी येताना सूप, पानं, कात्री, दोरा घेऊन या."

"आन् तंबाखू?"

"तंबाखू राहू दे."