तेलकट मातीतून सॉल्व्हंट परत मिळवताना : पार्श्वभूमी

लातूर-अकोल्याकडे 'सॉल्व्हंट प्लांट' म्हटलं की डोळ्यांसमोर सोयाबीन येतं. तेलाने माखलेली माती धुण्याचं तंत्रही याच घराण्यातलं. दाण्यातलं तेल हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवात उतरवायचं, मग वाफेच्या उष्णतेने हेक्झेन उडवायचं आणि थंड करून पुन्हा टाकीत घ्यायचं. हेक्झेन सुमारे 69 अंशांना उकळतं, तेल मात्र तेव्हा जागचं हलत नाही. सगळा धंदा या फरकावर उभा आहे.

अमेरिकेत 1980 साली सुपरफंड कायदा आला, आणि जुन्या कारखान्यांमागचे तेलकट गाळाचे खड्डे साफ करणं भाग पडलं. तेव्हा ही युक्ती मातीकडे वळली. पण माती म्हणजे पेंड नव्हे. सोयाबीनचं तेल विकून खर्च निघतो. मातीतून निघालेल्या काळ्या तेलाला गिऱ्हाईक कुठलं? शिवाय ओल्या चिकणमातीत सॉल्व्हंट अडकून राहतं. ते गेलं तर पैसा गेलाच, वर मातीत नवं प्रदूषण. तेल सोडवणं सोपं होतं, घोडं अडलं ते इथे.

मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदराच्या गाळावर 1988 मध्ये दाबाखाली द्रवरूप केलेला प्रोपेन वापरून पाहिला. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचाच हा भाऊबंद. दाब सोडला की तो वायू होऊन निघून जातो, तेल खाली उरतं. वायू दाबून पुन्हा कामाला लावायचा.

दुसरी वाट ट्रायइथिलअमाइनची, आणि मला तीच जास्त गमतीची वाटते. साधारण 18 अंशांखाली हे द्रव्य पाण्यात विरघळतं, त्यामुळे ओल्या गाळाच्या कणांपर्यंत पोहोचतं. तेल-पाण्यासकट ते मातीतून निथळून घ्यायचं आणि थोडं गरम करायचं, की पाणी खाली बसतं आणि तेल घेतलेलं अमाइन वर तरंगतं. मग अमाइन उडवून तेल वेगळं करायचं. एकच खोट : सडक्या मासळीसारखा वास. त्यामुळे गळती झाली तर नाकाला आधी कळतं.

दोन्हीकडे उकळणं किंवा दाबणं आलंच. ते टाळायचा मार्ग कॅनडात फिलिप जेसप यांच्या गटाने 2010 च्या सुमारास दाखवला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे चक्क सोडा केला, की त्यांचं अमाइन तेल सोडून पाण्यात उतरतं. वायू हाकलला की ते पाण्यावर पुन्हा वेगळा थर धरतं. थोडं मात्र पाण्यातच राहून जातं.