रानजायफळाची राई आणि तिचं पाणी

२०२१ मध्ये राज्य सरकारने सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथली २.५९ हेक्टरची राई जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कागद आत्ताचा. देवाची राई म्हणून गावाने तिथे कुऱ्हाड चालू दिली नाही, ते त्याच्या कितीतरी आधीपासून.

ही राई म्हणजे रानजायफळाची, मायरिस्टिकाची दलदल. आपल्या स्वयंपाकघरातल्या जायफळाचं हे जवळचं भाऊबंद. खोडाला खाच पडली की लालभडक चीक येतो. अशा दलदलीत बारमाही ओहळाचं पाणी झाडांच्या बुंध्यांशी खेळत असतं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती वर येतात आणि गुडघा दुमडल्यासारखी वाकून पुन्हा चिखलात शिरतात. पाऊल टाकायचं ते या गुडघ्यांच्या मधून, जपून.

अशा दलदलींची शास्त्रीय नोंद १९६० साली त्रावणकोरच्या सदाहरित रानांतून झाली. १९६८ च्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनवर्गीकरणात त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून जागा मिळाली. पुढे उत्तर कन्नडमधलं कत्तलेकान, गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई आणि मग आपलं बांबर्डे.

आज हे सगळे तुकडेच उरलेत, कारण रानजायफळाला हवी असते तीच जमीन माणसालाही हवी होती: सखल, सपाट, उन्हाळ्यातही ओल धरणारी. तिथे भातखाचरं झाली, सुपारीची कुळागरं झाली. पोट भरायला केलेल्या शेतीला दोष देववत नाही. पण जिथे देव होता तिथे रान टिकलं, हे नाकारता येत नाही.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ मुळे वारसा स्थळाचा दर्जा मिळतो, तो स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करूनच. याने अभयारण्य होत नाही, गावकऱ्यांची वहिवाटही आपोआप बंद होत नाही. हे मला योग्यच वाटतं. ज्यांनी राई राखली त्यांनाच बाहेर काढून ती राखायची कशी?

माझी काळजी वेगळी आहे. रानजायफळाचं बी वाळलं की मरतं. ते साठवून ठेवता येत नाही, ओल्या मातीत पडून लगेच रुजलं तरच. म्हणजे सगळं त्या ओहळावर आहे, आणि ओहळ काही हद्दीच्या दगडापाशी सुरू होत नाही. वरच्या अंगाला डोंगर साफ करून रबर किंवा अननस लावला, झऱ्याला पंप बसवला, तर राईतल्या एकाही झाडाला हात न लावता तिथली रोपं सुकतील. पुढची आखणी करताना ओहळाचा उगम कुठे आहे, हे आधी बघायला हवं.