मंगला ते ब्रॅडफर्ड, कंपाला ते लेस्टर

इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेच्या फॉर्मवर 'एशियन' या मथळ्याखाली पहिला चौकोन 'इंडियन'चा आणि त्याच्या लगेच खाली 'पाकिस्तानी'चा. वंशाबद्दलचा हा प्रश्न १९९१ साली पहिल्यांदा विचारला गेला, आणि तेव्हापासून या दोन चौकोनांची तुलना अधूनमधून छापून येतच असते. निकाल बहुधा ठरलेला. २०१८ साली ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या नोकरदारांचा ताशी मोबदला, मधला माणूस धरला तर, १३.४७ पौंड होता. गोऱ्या ब्रिटिशांचा १२.०३ आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा १०. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी कुटुंबं पाहिली तर २०१६ ते २०१८ या काळात इंग्लंडमध्ये भारतीयांत ७४ टक्के, पाकिस्तानी लोकांत ५८ टक्के. वांशिक समानतेसाठी काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने २०२० मध्ये साठलेल्या संपत्तीचा हिशेब मांडला होता. गोऱ्या ब्रिटिश कुटुंबाच्या एका पौंडामागे भारतीय कुटुंबाकडे ९० ते ९५ पेन्स, पाकिस्तानी कुटुंबाकडे साधारण ५०.

असे आकडे आले की ते आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि खाली एक ओळ असतेच: आपली माणसं शिकतात, कष्ट करतात, म्हणून पुढे जातात. शिक्षणाचं पुढे बघू. कष्टांचीच स्पर्धा लावायची तर उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला मीरपुरी कामगार कोणाला हार गेला नसता. प्रश्न असा आहे की तो तिथे पोचला कसा, आणि त्याच्या शेजारच्या चौकोनातला माणूस कुठून आला.

मीरपूर म्हणजे झेलम नदीकाठचा डोंगराळ जिल्हा, आज पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये. जमिनीचे तुकडे लहान आणि शेती पावसावर. इथले लोक पूर्वी झेलमवर नावा चालवत. पंजाबात रेल्वे आली आणि नदीवरची मालवाहतूक बसली, तेव्हा त्यांतले काही थेट मुंबई-कराचीच्या गोदीत येऊन ब्रिटिश आगबोटींवर चढले. काम बॉयलरमध्ये कोळसा ढकलायचं. इतकं भाजून काढणारं काम की बाकीचे खलाशी ते टाळत. मीरपूरचा विलायतेशी पहिला धागा जुळला तो असा, आणि त्यात मुंबई बंदराचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यांतले काही बोट सोडून इंग्लंडातल्या कारखान्यांत शिरले. पुढे कोणाचा भाऊ आला, कोणाचा भाचा.

मग धरण आलं. १९६० च्या सप्टेंबरात नेहरू आणि अयूब खान यांनी कराचीत सिंधू पाणीवाटपाच्या करारावर सह्या केल्या. त्या व्यवस्थेत पाकिस्तानला झेलमवर मंगला इथे मोठं धरण बांधायचं होतं. १९६७ साली ते पूर्ण झालं. जुनं मीरपूर शहर, डडयाल आणि शेकडो गावं पाण्याखाली गेली, एक लाखाहून जास्त माणसं उठली. आपल्याकडे कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या लोकांना यातलं काही वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या मीरपूरचे दर्गे आणि देवळांचे अवशेष अजून वर येतात, आणि लोक चिखलातून चालत तिथे जातात.

धरणाचं काम सुरू असतानाच ब्रिटनने दार ओढायला घेतलं. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या माणसालाही कामासाठी यायचं तर परवाना लागणार होता. दार बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी एकच झुंबड उडाली. ज्यांच्याकडे बोटीवरच्या काकाचा पत्ता होता आणि गावची जमीन बुडणार होती, ते निघाले. बहुतेक सगळे पुरुष, एकटे, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेले, आणि चार-पाच वर्षांत पैसा गाठीला बांधून परत जायचं हे मनात पक्कं.

ब्रॅडफर्डला त्यांची गरज होती, पण कशासाठी ते बघण्यासारखं आहे. लोकरीच्या धंद्यात नवी महागडी यंत्रं आली होती. ती परवडायची तर चोवीस तास चालवायला हवी. बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याचं बंधन होतं, आणि गोऱ्या पुरुषांना त्याच पैशात दिवसाचं दुसरं काम मिळत होतं. म्हणून रात्रपाळ्या पाकिस्तान्यांच्या. पाळीवरचे सगळे एकाच इलाख्यातले, मुकादमही बहुधा त्यांच्यातलाच, त्यामुळे इंग्रजीवाचून काही अडायचं नाही. राहायला चाळीसारखी एकमेकींना चिकटलेली दगडी घरं, चार-सहा जणांनी पैसे घालून घेतलेली. रात्रपाळीचा माणूस सकाळी यायचा तो दिवसपाळीवर गेलेल्याच्या अजून उबदार अंथरुणात झोपायचा. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये कोकणातले आणि घाटावरचे गाळेकरी असेच राहत होते. तिथे खानावळवाली बाई होती, इथे ज्याची पाळी त्याने रांधायचं, एवढाच फरक.

आता दुसरीकडे वळू. 'इंडियन' चौकोनातले सगळे भारतातून आले असं वाटतं, पण त्यांतला मोठा गट आफ्रिकेतून आलेला. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून बत्तीसेक हजार मजूर नेले. त्यांतले बहुतेक परतले. खरी वस्ती वाढली ती रेल्वेच्या मागोमाग गेलेल्या गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांनी. दुकानाला स्वाहिलीत 'दुका' म्हणतात, तो शब्द आपल्याच दुकानाचा. वरती गोरा साहेब, खाली आफ्रिकी शेतकरी आणि मधे हा 'दुकावाला', कारकून, स्टेशनमास्तर, पुढे वकील, डॉक्टर, औषधविक्रेता. मुलं इंग्रजी शाळेत. दोन-तीन पिढ्यांत हा समाज शहरी झाला, हिशेबात पक्का झाला, आणि ब्रिटिश कारभाराची कागदपत्रं कशी हलतात हे त्याला घरबसल्या कळू लागलं. वसाहतीच्या उतरंडीत मधल्या पायरीवर बसवल्याचा हा फायदा होता. मोबदल्यात खालच्यांचा रागही त्यांच्याच वाट्याला आला.

१९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला आणि तिथल्या आशियाई लोकांना नागरिकत्व निवडायला दोन वर्षं मिळाली. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. ते यायला लागल्यावर ब्रिटनने १९६८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत कायदा करून आपल्याच पासपोर्टधारकांना अडवलं. युगांडाचं प्रकरण याहून थेट. ४ ऑगस्ट १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सत्तावीस हजारांवर माणसं ब्रिटनमध्ये आली. बरोबर पन्नासेक पौंडच नेता येत. उतरल्यावर सोय जुन्या लष्करी छावण्यांत, सफकमधल्या स्ट्रॅडिशॉलसारख्या. त्यांनी आपल्या शहरात येऊ नये म्हणून लेस्टर नगरपालिकेने युगांडातल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. लोक तरीही आले. किंबहुना ज्यांना लेस्टर माहीत नव्हतं त्यांनाही त्या जाहिरातीमुळे ते कळलं, असं तिथे गमतीने सांगतात.

'पन्नास पौंड घेऊन आले आणि लखपती झाले' ही गोष्ट त्यानंतर इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यात काय राहून जातं ते दिसेनासं झालंय. खिशात पन्नास पौंड होते हे खरं. पण इंग्रजी येत होतं, वहीखातं येत होतं, परदेशी पदवी असली तरी पदवी होती, आणि आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत अख्खं कुटुंब एकदम आलं होतं. कस्टमच्या अधिकाऱ्याला बॅगेतून यातलं काहीच काढून घेता येत नव्हतं.

सुरुवात मात्र खालूनच झाली. कंपालाचा दुकानमालक लेस्टरमध्ये यंत्रावर उभा राहिला, आणि घराबाहेर कधी काम न केलेल्या बायका शिवणकामाच्या कारखान्यात गेल्या. १९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांनी संप केला. १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक फोटो प्रक्रिया कारखान्यातल्या बायका बाहेर पडल्या. पुढे जयाबेन देसाई, टांझानियातून आलेल्या, उंचीने लहानशा, साडी-कोटात. तो संप दोन वर्षं चालला आणि हरला. ग्रनविकची एक इमारत डॉलिस हिलला होती. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची आजची वास्तू त्याच भागात आहे. गणपतीला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पण घरात दोन पगार येऊ लागले, हे महत्त्वाचं. मीरपुरी घरांची गोष्ट उलटी झाली. १९६२ नंतर नव्या कामगाराला येणं अवघड झालं, आलेल्याला मात्र बायको-मुलं आणता येत होती. त्यामुळे 'चार वर्षांनी परत' हा बेत मोडला आणि कुटुंबं हळूहळू, कधी दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने येऊ लागली. नेमकं तेव्हाच, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, कापड धंदा कोसळायला लागला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मॅनिंगहॅमची लिस्टर मिल, जिची चिमणी अख्ख्या ब्रॅडफर्डमधून दिसते, ती १९९२ मध्ये थांबली. चाळिशी उलटलेला, वीस वर्षं रात्रपाळी केलेला, इंग्रजीची गरजच न पडलेला माणूस एकाएकी रिकामा झाला. १९८२ च्या संपानंतरचं लालबाग-परळ ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या गल्ल्या ओळखीच्या वाटतील. त्यानंतर उरली टॅक्सी. या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी आकडेवारीत नोकरी-धंद्यात असलेल्या पाकिस्तानी पुरुषांत साधारण सहांतला एक टॅक्सी किंवा गाडी चालवत होता. गोऱ्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात एक.

लेस्टरची गोष्ट ब्रॅडफर्डसारखी एका धंद्यावर टांगलेली नव्हती. तिथे होजिअरी होती, बूट होते, यंत्रसामग्रीचे कारखाने होते. एक दार बंद झालं की दुसरं ठोठावता येई. शिवाय म्हाताऱ्या इंग्रज दुकानदारांची मुलं दुकान चालवायला तयार नव्हती, तेव्हा कोपऱ्यावरची पेपर-सिगारेटची दुकानं स्वस्तात मिळत होती. पहाटे पाचला पेपरचे गठ्ठे सोडायचे आणि रात्री नऊला शटर ओढायचं, गल्ल्यावर आळीपाळीने घरचेच. बेलग्रेव्ह रोडवर साड्या, सोनं आणि फरसाणाची दुकानं अशीच उभी राहिली.

घरांचंही पाहा. मीरपुरींनी घरं फार लवकर घेतली, भाड्याच्या खोल्यांपेक्षा ते बरं म्हणून. पण ती होती उत्तरेतल्या पडत्या गिरणीगावात. आफ्रिकेतून आलेल्यांनी लंडनच्या वेंबली-हॅरो उपनगरांत घेतलेल्या घराची किंमत पुढे लंडनने वाढवली. ब्रॅडफर्डच्या घराची किंमत वाढवायला तिथे कोणी नव्हतं. संपत्तीतली तफावत पगारातल्या तफावतीहून मोठी दिसते, त्याचं एक कारण इथे आहे.

दुसरं कारण माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं. मीरपूरला पैसा पाठवायला गाव होतं. आईवडील होते, बहिणींची लग्नं होती, जमीन घ्यायची होती, आणि नव्या मीरपुरात एक कोठी बांधायची होती, जिला वर्षातले अकरा महिने कुलूप असणार. युगांडावाल्यांचा मागचा पूलच जळला होता. पाठवायचं कोणाला? जे साठलं ते ब्रिटनमध्येच साठलं, तिथल्याच दुकानात आणि शिक्षणात गेलं.

या सगळ्याचा पडताळा चौकोनांच्या आत डोकावलं की मिळतो. पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये मोठी पाहणी केली, तेव्हा आफ्रिकेतून आलेले आशियाई आणि थेट भारतातून आलेले असे दोन वेगळे गट केले होते. कमाईत गोऱ्यांच्या बरोबरीला पोचले होते ते पहिले. दुसरे मागे होते. पाकिस्तानी तर फारच मागे, दर पाच कुटुंबांतल्या चारांचं उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. जनगणनेच्या फॉर्मवर पहिले दोन गट पुन्हा एकाच चौकोनात मिसळतात. त्याच चौकोनात भरूच-सुरतेकडून ब्लॅकबर्न, बोल्टन, ड्यूजबरीच्या गिरण्यांत गेलेले गुजराती मुसलमानही आहेत. भारतीयच, पण त्यांची आर्थिक स्थिती भारतीय हिंदूंच्या मागे. यात गिरणीगावाचा वाटा किती आणि नोकरीच्या अर्जावरचं मुसलमानी नाव बघून होणाऱ्या भेदाचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. दोन्ही आहेत एवढं नक्की.

लंडनच्या साउथॉल भागातले जालंधरी शीख, सरकारी इस्पितळांतले डॉक्टर आणि २००० नंतर पुण्या-बंगळुरूहून व्हिसावर गेलेले संगणकवाले हेही 'इंडियन' चौकोनातलेच. या शेवटच्यांना तर ब्रिटनने पगार आणि पदवी बघून निवडून घेतलं. त्यांच्यामुळे वर गेलेली सरासरी बघून भारतीय संस्कारांचा विजय जाहीर करणं म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन भरलेल्या शाळेने निकालाचा फलक लावण्यासारखं आहे.

चित्र आता थोडं हलतंय. पाकिस्तानी वंशाची मुलं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात विद्यापीठात जातात, मुली नोकऱ्या करू लागल्यात. कमाईतली दरी मात्र पदवीच्या वेगाने बुजत नाही.

मार्च २०२३ मध्ये एक गंमत झाली. लंडनमध्ये ऋषी सुनक पंतप्रधान होते आणि स्कॉटलंडमध्ये पाकिस्तानी वंशाचे हमझा यूसुफ फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख झाले. दोन चौकोन समोरासमोर, अशी चर्चा दोन्हीकडच्या वाहिन्यांवर झाली. सुनक यांचे वडील केनियात जन्मलेले. यूसुफ यांची आईही केनियातच जन्मलेली.