इंजिन तापणे (मोटारगाडी)

इंजिनातली उष्णता जितक्या वेगाने तयार होते तितक्या वेगाने बाहेर पडली नाही, की इंजिन मर्यादेबाहेर तापते. इंधन जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग कूलंटला, म्हणजे इंजिनातून फिरणाऱ्या थंड ठेवणाऱ्या द्रवाला, वाहून न्यावा लागतो. सिलिंडरातल्या जळत्या वायूंचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) वर्षानुवर्षे टिकते ते कूलंटच्या अखंड प्रवाहामुळे.

वॉटर पंप हा द्रव ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, त्याची रेडिएटरकडची (द्रव थंड करणाऱ्या जाळीकडची) वाट बंद ठेवतो. द्रव ८२ ते ९० अंशांच्या आसपास तापला, की थर्मोस्टॅटमधले मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. रेडिएटरचे झाकण आत सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा चिरले, तर बाकी सगळे ठीक असूनही द्रव उकळून बाहेर येतो. शंका येताच सर्वांत आधी बदलून पाहावी अशी स्वस्त वस्तू हीच.

निदानाचा खरा धागा म्हणजे गाडी नेमकी केव्हा तापते. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा सेन्सर तपासावा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. ही तपासणी कुणालाही करता येते. उलट, वेगात किंवा घाट चढताना तापते, तर द्रव कमी आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर चोंदला आहे. बाहेरचा चोंदलेपणा समोरून दिसत नाही. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि या दोघांमधल्या फटीत माती, किडे, कापूस, पालापाचोळा यांचा नमद्यासारखा थर बसतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटके देणारा आणि खालचा जेमतेम कोमट, हे थर्मोस्टॅट न उघडल्याचे किंवा रेडिएटर आतून बुजल्याचे लक्षण. काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली, तर द्रव कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. तिथून वाळलेला हिरवा-गुलाबी ओघळ उतरलेला दिसला, तर पंपाचे सील गेले समजावे.

काट्यावर मात्र आंधळा भरवसा नको. अनेक नव्या गाड्यांत तापमान थोडे वरखाली झाले तरी काटा मधोमधच राहतो. सगळा द्रव गळून सेन्सर कोरडा पडला, तर काटा चक्क खालीही येतो, आणि इंजिन तेव्हाच सर्वाधिक धोक्यात असते.

हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) उडाले असल्यास कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सुटतो, कधी ऑइल दुधाळ होते. खात्री करण्यासाठी टाकीतली हवा निळ्या रसायनातून ओढतात. जळालेला वायू मिसळलेला असेल, तर पेट्रोल गाडीत ते पिवळे पडते. मग हेड उतरवून सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) सपाटी मोजतात. मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा इतका बाकही पुरे होतो. अशा हेडला फेसिंग करावे, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करावे लागते.

गाडी वाटेत तापली तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि गाडी बाजूला घ्यावी. वाफ दिसत असल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये: दाब सुटताच द्रव उसळतो आणि तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेड वाकते किंवा तडकते.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. इंजिन उशिरा तापते, इंधन जास्त लागते, झीज वाढते. काही रचनांत तर बायपास उघडा राहून द्रव रेडिएटरला वगळूनच फिरतो आणि गाडी आणखी तापते. बोअरचे जड पाणी भरत राहणे तितकेच घातक. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात आणि पुढे रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणे) करावे लागते किंवा रेडिएटरच बदलावा लागतो. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचे गंजरोधक मिसळलेले कूलंट निम्मे-निम्मे घेतल्यास उकळबिंदू वाढतो, गंजही रोखला जातो. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही, म्हणून वेगवेगळे कूलंट मिसळू नयेत. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात, ते लगेच धुऊन काढावे.

दुरुस्तीनंतर हवा काढणे राहिले, तर नवे भाग घालूनही गाडी तापते. त्यासाठी गाडीचे तोंड चढाकडे ठेवून, इंजिन थंड असतानाच द्रव हळूहळू भरतात, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडणारा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवतात, आणि हीटर गरमवर ठेवून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहून कमी पडलेला द्रव भरतात.