ॲम्बॅसेडर ‘आपली’ होती, पण जन्माने नाही

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या चहाटपरीवर कोणीतरी म्हणतंच, “भाऊ, पांढरी ॲम्बॅसेडर म्हणजे शंभर टक्के देशी डिझाइन!” नाही हो. ती इंग्लंडच्या काउली कारखान्यातल्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ या गाडीची आवृत्ती. त्याआधीची लँडमास्टर गाडीही ऑक्सफर्डच, सीरिज २. हिंदुस्थान मोटर्सने परवाना घेऊन साचे आणले आणि 1957-58 च्या सुमारास कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात गाडी बनवायला घेतली.

जुनी मार्क १, म्हणजे पहिली ॲम्बॅसेडर, दिसली तर बॉनेटवरून हात फिरवा. मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पन्हळी लागतात, मागे चिमुकले पंख. दोन्ही ऑक्सफर्डचेच. धक्के झेलायला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे, हेही तिकडचंच.

मग आपलं काय? पुढची जाळी बदलत गेली, डिझेल आलं, 1992 ला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं. (तेही जपानी, घ्या!) सांगाडा मात्र जवळजवळ तोच. इंग्लंडने मूळ मॉडेल 1959 मध्येच बंद केलं. आपण 2014 पर्यंत ओढलं. देशीपणा शोधायचा तर त्या पंचावन्न वर्षांत शोधा.