शिरेतून जेवण, तेही घरच्या घरी

सलाइन लावलं म्हणजे रुग्णाच्या अंगात थोडंफार अन्न गेलं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात 5 टक्के ग्लुकोजच्या 1 लिटर बाटलीतून जेमतेम 200 किलोकॅलरी मिळतात. तेवढ्यावर कुणी जगत नाही. मग ज्यांचं आतडंच निकामी झालंय, त्यांचं काय?

लहान आतडं साधारण 6 मीटर लांब असतं. त्याचा रक्तपुरवठा अचानक तुटला, त्याला पीळ पडला किंवा क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या दीर्घ दुखण्यात, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, तर त्यातलं 2 मीटरही उरत नाही. असा माणूस जेवतो आणि तरीही वाळत जातो.

ग्लुकोज जास्त दाट करून द्यावं, तर हाताच्या शिरा सुजतात. यावर तोड निघाली ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेची. तिथे रक्ताचा ओघ इतका असतो, की दाट द्राव लगेच पातळ होतो. 1960च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डुड्रिक आणि सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्यांच्या पिल्लांना निव्वळ याच मार्गाने पोसलं, आणि ती नेहमीसारखी वाढली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये अर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचं शिरेतून देता येईल असं दुधाळ मिश्रण तयार केलं. 1970च्या आसपास पहिले काही रुग्ण हे सारं घेऊन घरी गेले.

घरी हे जेवण बहुधा रात्री चालतं, 10 ते 14 तास, पंपावर. पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं असतात. छातीच्या त्वचेखालून काही अंतर नेऊन मग शिरेत सोडलेली मऊ नळी कायम अंगावर असते.

खरं कसब आहे ते जोडणीत. हात धुवायचे, जागा पुसायची, नळीचं टोक जंतुनाशकाने घासायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. हे थांबणं घाईत हमखास राहतं. ओल्या टोकावर जंतुनाशकाचं काम पुरतं झालेलं नसतं, आणि इथून शिरलेला जंतू थेट रक्तात पोहोचतो. म्हणून पंप सुरू केल्यावर हुडहुडी भरली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहायची नाही. पंप बंद करून लगेच रुग्णालय गाठायचं.

आतडं नुसतं शोषत नाही, पारखतंही. लोह किती आत घ्यायचं, हे तेच ठरवतं. शिरेतून मात्र जे सोडलं ते गेलं आणि जे विसरलं ते राहिलं. 1977 साली टोरांटोच्या खुर्शीद जीजीभॉय यांच्या गटाने एका रुग्ण महिलेची हकिकत प्रसिद्ध केली. काही वर्षं शिरेतून पोषण घेतल्यावर तिचं वजन घटलं, मज्जातंतू दुखावले, इन्शुलिन देऊनही साखर आटोक्यात येईना. उणीव निघाली क्रोमियमची. ते दिल्यावर इन्शुलिनची गरजच संपली. आपल्या रोजच्या घासातून काय काय नकळत मिळतं, हे विज्ञानाला अशा रुग्णांनीच शिकवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

यकृत आणि हाडांवर या उपचाराचा ताण येतो, म्हणून रक्ततपासण्या चुकवता येत नाहीत. झेपेल तेवढं तोंडाने खाणंही चालूच ठेवायचं, कारण अन्नाच्या स्पर्शानेच उरलेलं आतडं हळूहळू जास्त शोषायला शिकतं. नुसतं पाणी मात्र भरपूर पिऊन चालत नाही. आतडं फार आखूड असेल, तर साधं पाणी शरीरातलं मीठ सोबत घेऊन बाहेर पडतं आणि तहान आणखी वाढते. अशा वेळी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणीच उपयोगी पडतं.

2012मध्ये टेड्युग्लुटाइड या औषधाला मान्यता मिळाली. आतड्यातल्याच एका संप्रेरकाची ही नक्कल अस्तराची वाढ करते. त्यामुळे काहींना आठवड्यातल्या एक-दोन रात्री पंपाविना झोपता येतं, आणि थोड्यांची पिशवी पूर्ण सुटते.